धबधब्यातल्या रेघा

सेगा कंपनीचा ‘सॉनिक द हेजहॉग’ हा गेम १९९१ साली बाजारात आला. त्याच्या पहिल्याच टप्प्यात, ‘ग्रीन हिल झोन’मध्ये, निळा सॉनिक सुसाट पळत असताना वाटेत धबधबे लागतात. त्या काळच्या डबा टीव्हीवर हे पाणी खरोखर पाण्यासारखं दिसायचं. त्यातून पलीकडचं दृश्य अंधुक दिसे. आज तोच गेम, एका ठिपक्याचाही बदल न करता, लॅपटॉपवर किंवा एलईडी टीव्हीवर लावला, तर पाण्याच्या जागी नुसत्या उभ्या रेघा दिसतात. एक रेघ निळी, दुसरी रिकामी, पुन्हा निळी, पुन्हा रिकामी.

गेम बिघडलेला नाही. चित्रकारांनी १९९१ साली काढलं होतं ते हेच. अर्धपारदर्शक पाणी गेमच्या कॅसेटमध्ये कधी नव्हतंच. ते तयार होत होतं यंत्राला टीव्हीशी जोडणाऱ्या वायरीत.

धूर, धुकं, सावली, पाणी, मावळतीचं आभाळ अशा ज्या तरल गोष्टी जुन्या व्हिडिओ गेममध्ये दिसत, त्यांतल्या कितीतरी अशाच उसनवारीवर उभ्या होत्या. यंत्राला जे जमत नव्हतं, ते कधी वायरीकडून, कधी टीव्हीच्या नळीकडून, तर कधी थेट खेळणाऱ्याच्या डोळ्यांकडून करून घेतलं जाई.

ऐपत बेतास बात

सॉनिक ज्या ‘मेगा ड्राइव्ह’वर चालायचा, ते यंत्र जपानमध्ये १९८८ साली आलं. अमेरिकेत त्याचं नाव ‘जेनेसिस’. त्याला एकूण ५१२ रंग ठाऊक होते : लाल, हिरवा आणि निळा, प्रत्येकाच्या ८ पायऱ्या. पण हे ५१२ रंग एकदम वापरता येत नसत. १६-१६ रंगांची चार पॅलेट असत आणि प्रत्येक पॅलेटमधला एक क्रमांक ‘इथे काहीच काढू नये’ यासाठी राखीव. म्हणजे १५ चोक ६० आणि पार्श्वभूमीचा एक, असे ६१ रंग एका वेळी पडद्यावर.

चित्रातला प्रत्येक ठिपका म्हणजे प्रत्यक्ष रंग नव्हे, तर पॅलेटमधला एक क्रमांक. अडचणीचं मूळ इथेच आहे. काचेतून झाड दिसायचं, तर काचेचा रंग आणि झाडाचा रंग यांची सरासरी काढावी लागते. क्रमांकांची सरासरी काढून उपयोग नाही. ३ क्रमांकाला तपकिरी आणि ९ क्रमांकाला निळा असेल, तर मधल्या ६ क्रमांकाला पिवळाही असू शकतो.

मग प्रत्येक ठिपक्याचा खरा रंग शोधून प्रोसेसरनेच गणित का करू नये? हिशेब करून पाहता येतो. मेगा ड्राइव्हचं चित्र ३२० बाय २२४ ठिपक्यांचं, म्हणजे ७१,६८० ठिपके. सेकंदाला ६० चित्रं धरली, तर ४३ लाख ठिपके. त्याच्या ६८००० या प्रोसेसरचा वेग सेकंदाला सुमारे ७६.७ लाख ठोके. एका ठिपक्याच्या वाट्याला दोन ठोकेही येत नाहीत, आणि या प्रोसेसरला सर्वांत साध्या आज्ञेसाठीही चार ठोके लागतात. शिवाय गेम चालवायचा असतो, तो वेगळाच. थोडक्यात, सरळ मार्ग बंद.

वायरीचा दोष पथ्यावर

पैठणीत उभे धागे एका रंगाचे आणि आडवे दुसऱ्या रंगाचे घेतले, की कापडावर तिसरीच छटा खेळू लागते. तिला धूपछांव म्हणतात. गेमच्या चित्रकारांनी नेमकं हेच केलं. पाण्याचा एक उभा पट्टा काढायचा, शेजारचा रिकामा सोडायचा. रिकाम्या पट्ट्यातून मागचं दृश्य दिसतं. दोन्ही पट्टे एकमेकांत मिसळले, की झालं अर्धपारदर्शक पाणी. दोन रंगांचे ठिपके बुद्धिबळाच्या पटासारखे आलटून-पालटून मांडले, तर त्यांच्यामधली छटाही मिळते. या पद्धतीला डिदरिंग म्हणतात. ६१ रंगांत आभाळाची चढती-उतरती छटा दाखवायची, तर तिच्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

आता हे पट्टे मिसळणार कसे? ते काम कंपोझिट व्हिडिओ करायचा. ज्या वायरीला पुढे पिवळी पिन आली, तीच ही वायर. तिच्यातून चित्राचा उजेड आणि रंग हे दोन्ही एकाच लहरीवर स्वार होऊन जातात. रंगासाठी तिथे फारच थोडी जागा असते, त्यामुळे एका ठिपक्यापासून दुसऱ्या ठिपक्यापर्यंत रंग झटकन बदलू शकत नाही. तो ओघळतो, शेजाऱ्यात मिसळतो. अभियंत्यांच्या दृष्टीने हा दोष होता. चित्रकारांच्या तो पथ्यावर पडला.

अर्थात, त्याची किंमतही मोजावी लागे. अमेरिका आणि जपानमधल्या एनटीएससी पद्धतीत रंगाची माहिती सुमारे ३.५८ मेगाहर्ट्झच्या लहरीवर बसलेली असते. मेगा ड्राइव्ह सेकंदाला सुमारे ६७ लाख ठिपके बाहेर टाकायचा. एक भरलेला आणि एक रिकामा असे पट्टे काढले, की त्यांची लहर होते ३.३५ मेगाहर्ट्झच्या आसपास. दोन आकडे इतके जवळ, की टीव्हीची गफलत व्हायची. पट्ट्यांच्या उजेडातला फरक तो रंग म्हणून वाचायचा. म्हणून सॉनिकच्या धबधब्यात अनेक टीव्हींवर हलके इंद्रधनुष्यी पट्टे दिसत. युरोपात तर आणखी वेगळी गंमत. तिथल्या टीव्हींना स्कार्ट नावाचं जोडणीचं तोंड असे आणि त्यातून लाल, हिरवा, निळा हे तिन्ही रंग वेगवेगळ्या तारांनी नेता येत. चित्र लखलखीत यायचं, आणि धबधब्याच्या रेघा १९९१ सालीही जशाच्या तशा दिसायच्या.

भारतात पाल पद्धतीचे टीव्ही होते आणि त्यांची रंगाची लहर ४.४३ मेगाहर्ट्झची, म्हणजे पट्ट्यांच्या लहरीपासून बरीच दूर. पण महाराष्ट्रातल्या शहरांत १९९० च्या दशकात घरोघर पोचले, ते बहुतेक निन्टेन्डो कंपनीच्या फॅमिकॉम या यंत्राच्या स्वस्त नकला असलेले व्हिडिओ गेम. मारिओ आणि कॉन्ट्रा मुलांनी खेळले ते त्यांच्यावरच. यातले कित्येक संच टीव्हीच्या अँटेनाच्या जागी जोडले जात. तो मार्ग कंपोझिटपेक्षाही गढूळ. पण ठिपके मिसळायचे, तर तो अधिकच सोयीचा.

एका चित्राआड

मिसळण्याचं काम डोळ्यांवर सोपवण्याचीही एक रीत होती. सावली एका चित्रात काढायची, पुढच्या चित्रात काढायचीच नाही. सेकंदाला ६० चित्रांपैकी ३० चित्रांत सावली आहे, ३० चित्रांत नाही. बघणाऱ्याला ती थोडी थरथरती, पण अर्धपारदर्शक भासते. शत्रूचा तडाखा बसल्यावर गेममधला नायक काही क्षण लुकलुकतो, तेही असंच.

कधी कधी ही लुकलुक हौसेची नव्हे, गरजेची असे. अटारी २६०० या १९७७ सालच्या यंत्रात खेळाडूंच्या आकृत्यांसाठी दोनच जागा होत्या. त्यावरचा ‘पॅक-मॅन’ १९८२ साली आला, तेव्हा एक जागा पॅक-मॅनला गेली आणि उरलेली एकच जागा चार भुतांना पाळीपाळीने वाटून द्यावी लागली. प्रत्येक भूत चार चित्रांतून एकदाच दिसायचं. भुतं अशी विरळ दिसली, तर फारसं बिघडलं नाही असं कुणालाही वाटेल. पण त्या लुकलुकीवरून गेमला भरपूर बोलणी खावी लागली.

निन्टेन्डोच्या १९८९ सालच्या गेम बॉयवर हा उपाय उलट फारच छान बसायचा. त्याच्या पडद्याला हिरवट-करड्या चारच छटा, आणि पडदा इतका मंद, की आधीचं चित्र पुसायच्या आत पुढचं येऊन बसे. एकाआड एक चित्रांत दोन छटा दिल्या, की त्यांच्यामधली पाचवी छटा आपसूक तयार.

ओळीगणिक नवा रंग

जुन्या टीव्हीत चित्र एकदम उमटत नसे. इलेक्ट्रॉनचा झोत डावीकडून उजवीकडे एक ओळ काढायचा, मागे यायचा, खालची ओळ काढायचा. एनटीएससीत अशा २६२ ओळींचं एक चित्र आणि एका ओळीला सुमारे ६३.५ मायक्रोसेकंद. झोत मागे येत असताना जो अगदी थोडा वेळ मिळतो, त्यात रंग बदलला, तर? वरच्या ओळी निळ्या, त्याखालच्या जांभळ्या, मग केशरी. पॅलेट तेवढंच, पण प्रत्येक ओळीला त्यातला रंग नवा.

अटारी २६०० वर तर याला पर्यायच नव्हता. त्याच्याकडे अख्खं चित्र साठवायला जागाच नाही. एकूण स्मृती १२८ बाइट. प्रोग्रॅमरने झोताच्या बरोबरीने धावत, प्रत्येक ओळीच्या ७६ ठोक्यांत पुढच्या ओळीची तयारी करायची. अॅक्टिव्हिजनच्या १९८३ सालच्या ‘एन्ड्युरो’ या मोटारशर्यतीत याच पद्धतीने दिवस मावळतो, क्षितिजावर रंगांचे पट्टे उमटतात आणि रात्री समोरच्या गाड्यांचे फक्त मागचे दिवे दिसतात. त्यातलं धुकं पाहण्यासारखं आहे. ते पारदर्शक नाहीच. रस्त्याच्या वरच्या भागावर करड्या रंगाचा सपाट पट्टा येतो आणि समोरची गाडी त्यातून अचानक बाहेर पडते. धुक्याचं दिसणं नाही जमलं, पण धुक्यात गाडी चालवण्याची धास्ती मात्र जमली.

सॉनिकच्या ‘लॅबिरिंथ झोन’मध्ये हीच करामत पाण्यासाठी आहे. सॉनिक पाण्यात शिरला, की पाण्याखालचं सगळं निळसर दिसतं. प्रत्यक्षात पाणी असं काहीच काढलेलं नाही. पाण्याची पातळी ज्या ओळीवर आहे, तिथे झोत पोचला, की यंत्र सगळं पॅलेट बदलून टाकतं. त्याच भिंती, तोच सॉनिक, पण ओळीच्या खाली रंग वेगळे. इतके रंग एका झटक्यात बदलताना त्या ओळीवर थोडा कचरा दिसतो. नेमक्या तिथेच पाण्याच्या लाटा तरंगतात आणि तो झाकून टाकतात. या लाटाही सलग नाहीत. त्यांच्यात फटी आहेत आणि त्या एकाआड एका चित्रात ३२ ठिपके सरकतात. फटी भरल्यासारख्या वाटतात, लाट आरपार दिसते. ओळीची युक्ती आणि लुकलुकीची युक्ती, दोन्ही एकाच पाण्यात.

मेगा ड्राइव्हमध्ये सावली आणि झळाळी यांची एक अंगभूत सोयही होती. पॅलेटमधले दोन ठरावीक क्रमांक रंग म्हणून नव्हे, तर ‘खालचं उजळ कर’ किंवा ‘खालचं मंद कर’ अशा आज्ञा म्हणून वापरता येत. १९९५ सालच्या ‘व्हेक्टरमॅन’ने त्याचा नेटका उपयोग केला. पण यात फक्त उजेड कमी-जास्त होतो. निळ्या काचेमागे लाल फूल जांभळं दिसावं, ते काही होत नाही.

बेरीज, वजाबाकी आणि निम्मे

ते करून दाखवलं निन्टेन्डोच्या सुपर फॅमिकॉमने. १९९० च्या नोव्हेंबरमध्ये जपानात आलेलं हे यंत्र अमेरिकेत आणि युरोपात सुपर निन्टेन्डो म्हणून गेलं. त्याच्याकडे ३२,७६८ रंग होते, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे रंगांचं गणित करणारं खास सर्किट. चित्राचे थर दोन गटांत विभागायचे, एक मुख्य पडदा आणि एक दुय्यम. दोन्ही पडद्यांवरचा रंग पॅलेटमधून काढून झाला, की टीव्हीकडे पाठवण्याआधी यंत्र त्यांची बेरीज किंवा वजाबाकी करतं, आणि हवं तर उत्तर निम्मं करतं.

उदाहरणार्थ, प्रत्येक रंगाच्या पायऱ्या ० ते ३१. धुक्याच्या ठिपक्यात लाल २०, मागच्या झाडाच्या ठिपक्यात लाल १०. बेरीज ३०, निम्मे १५. हिरव्याचं आणि निळ्याचंही तसंच. हीच खरी सरासरी, म्हणजेच खरी पारदर्शकता. निम्मं न करता नुसती बेरीज केली, तर चित्र उजळतं : आग, वीज, दिव्याचा झोत. वजाबाकी केली, तर काळवंडतं : सावली, अंधार. ‘द लेजंड ऑफ झेल्डा : अ लिंक टू द पास्ट’ या १९९१ सालच्या गेममध्ये जंगलावर तरंगणारं धुकं आणि सुरुवातीचा पाऊस याच गणिताचे.

आभाळाच्या छटांसाठी या यंत्रात एचडीएमए नावाची सोय होती. ओळीगणिक रंग बदलायचं जे काम अटारीच्या प्रोग्रॅमरला ठोके मोजत करावं लागे, त्यातून इथे एकदा यादी देऊन मोकळं होता येई. पहिल्या आठ ओळींना इतका निळा, पुढच्या सहांना एवढा, अशी यादी स्मृतीत ठेवली, की यंत्र झोत मागे येण्याच्या वेळात ती स्वतःच वाचत जातं. एक ठरावीक रंग या यादीने ओळीगणिक बदलत नेला आणि पार्श्वभूमीत मिळवला, की पॅलेटचा एकही जास्तीचा रंग न खर्चता आभाळ वरून खाली सुरेख उजळत जातं. याच यादीने पडद्यावरच्या ‘खिडकी’च्या डाव्या-उजव्या कडा ओळीगणिक हलवता येत. ‘सुपर मारिओ वर्ल्ड’मध्ये टप्पा संपल्यावर मारिओभोवती मिटत जाणारं वर्तुळ, किंवा १९९४ सालच्या ‘सुपर मेट्रॉइड’मधला भिंतींच्या आतलं दाखवणारा क्ष-किरणांचा झोत हे त्याचेच खेळ.

मर्यादा इथेही होत्या. हलत्या आकृत्यांच्या आठ पॅलेटपैकी फक्त शेवटच्या चारांना हे गणित लागू होतं. दोन आकृत्या एकमेकींवर आल्या, तर त्या आपसांत मिसळत नाहीत; वरची खालचीला सरळ झाकते. त्यामुळे सुपर निन्टेन्डोवरही लुकलुकीच्या सावल्या पूर्ण गेल्या नाहीत.

सॅटर्नची जाळी

१९९४ च्या अखेरीस, दोन आठवड्यांच्या आत, जपानमध्ये दोन यंत्रं आली : सेगाचं सॅटर्न आणि सोनीचं प्लेस्टेशन. प्लेस्टेशनमध्ये पारदर्शकतेचे चार तयार प्रकार होते : दोन्ही रंग निम्मे-निम्मे, सरळ बेरीज, वजाबाकी, आणि मागच्या रंगात नव्याचा पाव हिस्सा. कुठल्याही त्रिकोणाला यातला एक प्रकार लावायचा, बस. प्लेस्टेशन छटांचा हिशेब बारीक करायचं, पण साठवताना प्रत्येक रंगाच्या ३२ च पायऱ्या ठेवायचं. पायऱ्या दिसू नयेत म्हणून ते ४ बाय ४ च्या साच्याने ठिपके विखरून टाकी. म्हणजे चित्रकारांची जुनी डिदरिंगची युक्ती आता चिपमध्येच बसवलेली होती. कंपोझिट वायरीतून ते ठिपके मिसळून जायचे. आज प्लेस्टेशनचं चित्र मोठ्या एलईडी पडद्यावर पाहिलं, की बारीक रवाळ जाळी दिसते, ती हीच.

सॅटर्नमध्ये दोन चित्र-चिप होत्या, एक आकृत्यांची आणि एक पार्श्वभूमीची. आकृत्यांची चिप चौकोन वेडेवाकडे ताणून काढायची आणि मध्ये भोकं पडू नयेत म्हणून काही ठिपके दोनदा रंगवायची. एरवी त्याने काही बिघडत नाही. पण अर्धपारदर्शक रंग दोनदा लागला, की तिथे डाग पडतो. शिवाय ही चिप आपल्या आकृत्या आपसांत मिसळू शके, पार्श्वभूमीच्या चिपने काढलेल्या चित्रात नाही. यातून अनेक स्टुडिओंनी सोपी वाट काढली, ती जाळीची. एक ठिपका भरलेला, एक रिकामा. कोनामीचा ‘कॅसलव्हेनिया : सिम्फनी ऑफ द नाइट’ १९९७ साली प्लेस्टेशनवर आला आणि पुढच्या वर्षी जपानमध्ये सॅटर्नवर. प्लेस्टेशनवर ज्या गोष्टी खरोखर आरपार दिसतात, त्यांतल्या अनेक सॅटर्नवर जाळीदार झाल्या. सॅटर्नला पारदर्शकता जमतच नाही, हा समज अशाच गेममधून पसरला. तो पूर्ण खरा नाही. सेगाच्याच ‘बर्निंग रेंजर्स’मध्ये १९९८ साली आगीच्या ज्वाळा अर्धपारदर्शक आहेत. मात्र त्यासाठी यंत्राची खडान्‌खडा माहिती आणि भरपूर वेळ लागायचा. दुसऱ्या यंत्रावरचा गेम घाईने आणून बसवणाऱ्यांकडे दोन्ही नसे.

आज पाहायचं, तर

सपाट पडद्यांनी ही सगळी व्यवस्था मोडली. एचडीएमआय वायरीतून प्रत्येक ठिपका काटेकोर वेगळा पोचतो. मिसळायला मध्ये कुणीच नाही. लुकलुकीची तऱ्हा आणखी विचित्र. यूट्यूबवर २०१४ पर्यंत सेकंदाला ६० चित्रांची सोय नव्हती. जुन्या गेमचं चित्रण ३० चित्रांवर आणताना एकाआड एक चित्र गळायचं, आणि योगायोगाने ज्या चित्रांत सावली असेल तीच गळाली, तर अख्ख्या व्हिडिओत सावली गायब. उलट झालं, तर तीच सावली ठार काळी.

म्हणूनच जुने गेम चालवणाऱ्या रेट्रोआर्चसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये जुन्या वायरीचे आणि टीव्हीचे दोष गणिताने परत आणणारे फिल्टर असतात. ते निवडताना एक लक्षात ठेवावं. पडद्यावर नुसत्या आडव्या काळ्या रेघा पाडणारा फिल्टर पुरेसा नाही. त्याने टीव्ही जुना दिसेल, पण सॉनिकचा धबधबा जुळणार नाही. त्यासाठी नावात ‘एनटीएससी’ किंवा ‘कंपोझिट’ असलेला फिल्टर लावावा आणि ग्रीन हिल झोनच्या पहिल्याच धबधब्यापाशी तो चालू-बंद करून पाहावा. फरक लगेच दिसतो. आणि घरच्या माळ्यावर चालू स्थितीतला डबा टीव्ही पडून असेल, तर तो भंगारात घालण्याआधी त्याला पिवळी पिन लागते का, तेवढं बघून घ्यावं.